दत्तक मूल घरी आल्यानंतरची वर्षे: सोबतीची माणसे कुठे शोधावीत?

अनघा_नाशिक

दत्तक घेण्याची नोंदणी, कागदपत्रे आणि प्रतीक्षायादी या विषयांवर इथे पूर्वी पुष्कळ चर्चा झालेली आहे. हा धागा त्यानंतरच्या काळाविषयी आहे, म्हणजे मूल घरात रुळले, शाळेत जाऊ लागले आणि आता त्याला स्वतःचे प्रश्न पडू लागले आहेत अशा काळाविषयी.

आमची मुलगी चौथीत आहे. ती तान्ही असताना घरी आली आणि आपण दत्तक आहोत हे तिला कळत्या वयापासून माहीत आहे. ती घरी आली त्या दिवसाची गोष्ट ती अजूनही आवडीने ऐकते, त्यामुळे ‘सांगावे की नाही’ हा आमचा प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की ती ज्या वयात विचारू लागली, त्या वयात आमच्याभोवती या विषयातले कोणीच उरलेले नव्हते. प्रतीक्षेच्या काळात आम्ही इच्छुक पालकांच्या ज्या व्हॉट्सॲप गटात होतो, तिथे होम स्टडीत, म्हणजे दत्तकापूर्वीच्या घरभेटीच्या पाहणीत, काय विचारले, यादीतला क्रमांक कुठवर सरकला, याची अहोरात्र चर्चा असे. ज्याच्या घरी मूल आले तो महिन्याभरात गप्प होई किंवा गट सोडून जाई, आणि आम्हीही तेच केले. नियमानुसार दत्तक संस्थेच्या समाजसेविका दर सहा महिन्यांनी, अशी दोन वर्षे घरी येऊन गेल्या. त्या काळात आमच्या शंका झोपेच्या, वजनाच्या आणि लसीकरणाच्या होत्या, ज्यांची उत्तरे शेजारच्या काकूंनीही दिली असती. “माझ्या पोटातल्या आईचं नाव काय?”, “तिला अजून मुलं असतील का?”, “ती मला शोधत असेल का?” हे प्रश्न मुलगी सात वर्षांची झाल्यावर आले, तेव्हा ते दोन वर्षांचे भेटीगाठींचे सत्र संपून बराच काळ लोटला होता.

गेल्या महिन्यात तिने विचारले, “माझ्यासारखं आणखी कुणी आहे का?” मी ‘पुष्कळ आहेत’ असे सांगितले, पण तिला दाखवायला माझ्याकडे एकही मूल नव्हते. २०२४-२५ या एका वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि महाराष्ट्र त्यात नेहमीच आघाडीवर असतो, म्हणजे अशी कुटुंबे थोडी नाहीत. ती एकमेकांना ठाऊक मात्र नाहीत. नाशकात आम्हाला दोन कुटुंबे माहीत आहेत. त्यांपैकी एकाने मुलाला अद्याप काही सांगितलेले नाही, त्यामुळे मुलांना एकत्र आणले तर आमच्या मुलीच्या तोंडून सहज काही निघून जाईल अशी धास्ती त्यांना वाटते, आणि ती रास्त आहे. दुसऱ्या कुटुंबातील मूल अवघे दीड वर्षाचे आहे.

पुण्या-मुंबईत दत्तक पालकांचे मेळावे होतात हे मला ठाऊक आहे, परंतु वर्षातून एकदा दोनशे अनोळखी माणसांत जाऊन मुलांची मैत्री होत नाही. मध्यम आकाराच्या शहरात राहणाऱ्यांनी अशी सोबत कशी उभी केली, हे ज्यांनी केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. स्वतः दत्तक असलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या सभासदांनी लिहिले तर फारच उपयोग होईल.

सदानंद_कोल्हापूर

अनघाताई, आमची अडचण तुमच्यासारखीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संस्थांकडे इतर कुटुंबांची नावे मागितली तर त्या देत नाहीत आणि त्यांनी देऊही नयेत, कारण ती माहिती गोपनीय आहे. म्हणून आम्ही एक पत्र लिहिले. आम्ही कोण, आमची मुले केवढी, आम्हाला कशासाठी भेटायचे आहे आणि कशासाठी नाही, हे त्यात साध्या शब्दांत मांडले व खाली आमचा फोन क्रमांक दिला. संस्थेच्या समाजसेविकांनी ते पत्र आपल्याकडून मूल घेतलेल्या, जवळच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या कुटुंबांना स्वतः पाठवले. ज्यांना इच्छा होती त्यांनी आम्हाला फोन केला, आणि ज्यांनी केला नाही त्यांची नावे आम्हाला आजही माहीत नाहीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फतही असे पत्र पाठवता येते. तिथले अधिकारी बदलत राहतात, त्यामुळे पाठपुरावा मात्र चिकाटीने करावा लागतो.

कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीची मिळून आम्ही चार कुटुंबे पहिल्यांदा रंकाळ्याजवळच्या बागेत भेटलो. त्या दिवशी दत्तक या विषयावर कोणीही चकार शब्द काढला नाही. मुले खेळली, भेळ खाल्ली, एकाचा गुडघा फुटला आणि सगळे घरी गेले. पुढच्या दोन-तीन भेटीही अशाच झाल्या. मुलांना एकमेकांची नावे, आवडीनिवडी आणि भांडणे ठाऊक झाल्यावर त्यांनी आपला विषय आपण काढला, तोही आम्ही ऐकण्याच्या अंतरावर नसताना. आमच्या मुलाने गाडीत बसल्यावर सांगितले की त्या दादालाही त्याच्या जन्मदात्या आईचे नाव माहीत नाही, आणि हे सांगताना त्याच्या आवाजात इतका सुटकेचा भाव होता की बायकोने आणि मी एकमेकांकडे नुसते पाहिले.

ज्यांनी मुलांना सांगितलेले नाही त्यांच्यासाठी आम्ही फक्त मोठ्यांची वेगळी बैठक ठेवतो. त्यांच्यावर दडपण आणत नाही. मात्र इतरांनी कोणत्या शब्दांत सांगितले, मुलाने पुढे काय विचारले, दुसऱ्या दिवशी घरात काय घडले, हे ऐकल्यावर दोन कुटुंबांना धीर आला आणि त्यांनी आपापल्या मुलांना सांगितले. तुमच्या परिचयातल्या त्या पहिल्या कुटुंबाला आधी अशा बैठकीला बोलवावे असे मला वाटते.

मृण्मयी_ठाणे

मी तीस वर्षांची आहे आणि दीड महिन्याची असताना पुण्यातल्या एका संस्थेतून आमच्या घरी आले. माझे आईबाबा अतिशय प्रेमळ आहेत. हे आधीच लिहिते, कारण माझ्यासारख्या कोणी काही वेगळे वाटते असे म्हटले की ऐकणाऱ्याला पहिली शंका घरच्या प्रेमाविषयी येते.

मी लहान असताना आईबाबा एका पालकगटात जात आणि मलाही नेत. तिथे पालक बोलत आणि आम्ही मुले गाणी म्हणत असू. तो गट पालकांचा होता आणि तो असायलाच हवा होता, पण त्याने माझी गरज भागली नाही. आईसमोर मी जन्मदात्या आईचे नाव काढत नसे. तिने कधीच मनाई केली नव्हती, परंतु तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलत असे आणि तेवढे मला पुरेसे होते. बहुतेक दत्तक मुले आपल्या आईवडिलांना असे जपतात, हे पालकांनी ओळखावे. घरात प्रश्न आले नाहीत, म्हणजे ते मनात नाहीत, असे समजू नये.

पंचविशीनंतर मी मोठ्या वयाच्या दत्तक व्यक्तींच्या एका लहानशा गटात गेले. पहिल्याच बैठकीत माझ्याहून वयाने मोठा असलेला एक माणूस म्हणाला की स्टेशनवर गर्दीत उभे असताना तो एका ठरावीक वयाच्या बायकांचे चेहरे निरखतो, कान कसे आहेत, कपाळ कसे आहे ते पाहतो. मी हे शाळेत असल्यापासून करत आले होते आणि आजवर कोणालाही सांगितले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या माणसाने मला कोणताही सल्ला दिला नाही. तरीही इतक्या वर्षांत मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा ते एक वाक्य मला अधिक उपयोगी पडले.

त्याच गटात अगदी व्यवहारातल्या गोष्टीही कळल्या. डॉक्टरांच्या अर्जातला कौटुंबिक आजारांचा रकाना मी नेहमी घाईने ‘नाही’ लिहून संपवत असे. तिथल्या एका ताईने समजावले की ‘नाही’ आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्तनांच्या किंवा हृदयाच्या तपासण्या केव्हा सुरू कराव्यात हे ठरवताना डॉक्टरांना त्यातला फरक कळणे आवश्यक असते. हे आईबाबांना सुचले नसते, कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तो रकाना कधी रिकामा नव्हता.

नातेवाइकांच्या बोलण्याविषयीही लिहायला हवे. “नशीब काढलंस हो!” हे वाक्य मी अनेक लग्नांत ऐकले आहे, आणि आईबाबांना “केवढं पुण्याचं काम केलंत” असे म्हटलेले त्याहूनही अधिक वेळा. असे ऐकत वाढलेल्या मुलाला आपण कोणाच्या तरी उपकाराखाली आहोत असे वाटू लागते. पुण्याच्या श्रीवत्स संस्थेतून दत्तक गेलेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाचे कर्णधारपद भूषवलेल्या लिसा स्थळेकर यांची गोष्ट मला शाळेत असल्यापासून अनेकांनी ऐकवली. मला त्यांचा मनापासून अभिमान वाटतो. परंतु बासष्ट टक्के मिळवणाऱ्या, चिडणाऱ्या, दार आपटून खोलीत जाणाऱ्या दत्तक मुलीलाही जिथे हक्काची जागा असेल, असा गट मुलांना हवा असतो. अनघाताई, तुमच्या मुलीला तिच्या वयाच्या मुलांबरोबरच विशी-तिशीतल्या एखाद्या दत्तक ताईची किंवा दादाची ओळख करून द्या. आपण मोठे झालो की कसे होतो, हे तिला त्यांच्याकडे पाहून कळेल.

रत्नाकर_मिरज

माझे वय सत्तर आहे. निपुत्रिक चुलत्यांनी मला सहाव्या वर्षी दत्तक घेतले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा होमविधी, आवश्यक ठेवलेला नाही, प्रत्यक्ष देणे-घेणे मात्र आवश्यक आहे; आमच्याकडे दोन्ही झाले. त्या दिवसापासून आई ‘काकू’ झाली आणि काकू ‘आई’. दोन्ही घरे एकाच वाड्यात होती.

आमच्या पिढीत नात्यातले दत्तक पुष्कळ होते आणि त्यात कसलीही लपवाछपवी नव्हती. सर्वांना सर्व ठाऊक होते, म्हणूनच कदाचित त्याविषयी कोणी बोलले नाही. माझी जन्मदाती आई गेली तेव्हा मी तिच्या अंत्यविधीला पुतण्या म्हणून उभा होतो, आणि सांत्वनाला आलेली माणसे माझ्या धाकट्या भावाला भेटून जात होती. त्याबद्दल मी आजपर्यंत कोणाशी बोललो नव्हतो. मृण्मयी यांनी स्टेशनवरची जी गोष्ट लिहिली ती वाचून लिहावेसे वाटले. आपले गट संस्थेतून आलेल्या मुलांपुरते मर्यादित ठेवू नयेत, इतकीच विनंती आहे.

मृण्मयी_ठाणे

काका, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले. आमच्या गटात नात्यातून दत्तक गेलेले दोघे आहेत. त्यांतल्या एकीला आपल्या जन्मदात्या आईला राखी पौर्णिमेला, दिवाळीला भेटावे लागते आणि तिच्याकडून साडीचोळी घेताना काय वाटते, हे तिने सांगितले तेव्हा आम्ही बाकीचे बराच वेळ काही बोलू शकलो नाही. तुम्हाला चालणार असेल तर मी इथल्या खासगी निरोपातून संपर्क करते.

शुभदा_पुणे

मी अनेक वर्षे एका विशेष दत्तक संस्थेत समाजसेविका होते, आता निवृत्त आहे. सदानंद यांनी सांगितलेली पत्राची पद्धत उत्तम आहे आणि बहुतेक संस्था तिला आनंदाने हातभार लावतील.

महाराष्ट्रात निराधार बालकांना आसरा देण्याची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तिथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत याला १८७४ मध्ये दत्तक घेतले. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर झालेला यशवंत आणि सावित्रीबाई मिळून रुग्णांची सेवा करत होते. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. परंतु आमच्या संस्थांची सारी शक्ती बाळ वाचवणे, वाढवणे आणि घर मिळवून देणे यांतच खर्च होत आली. दहा-पंधरा वर्षांनी तेच बाळ प्रश्न घेऊन दारात उभे राहील, त्या वेळी त्याला भेटायला माणूस लागेल, याची तरतूद फार कमी ठिकाणी झाली. जिथे वार्षिक मेळावे होतात तिथेही बारा वर्षांवरची मुले येईनाशी होतात, कारण कार्यक्रम लहान मुलांसाठी आखलेले असतात.

अनघाताईंच्या मुलीचा ‘ती मला शोधत असेल का’ हा प्रश्न पुढे मुळांच्या, म्हणजे जन्मदात्या पालकांच्या, शोधाकडे जाऊ शकतो, म्हणून नियम सांगते. २०२२ च्या दत्तक विनियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, आणि त्याआधी पालकांबरोबर संयुक्त अर्ज करावा लागतो. अर्ज संस्थेकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे करता येतो. मूल सोपवताना जन्मदात्या पालकांनी आपली ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केलेली असेल, तर त्यांची संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तरी मूल कोणत्या परिस्थितीत आणि का सोपवले गेले हे दत्तक व्यक्तीला सांगितले जाते. परस्पर तिऱ्हाइतामार्फत असा शोध घेण्यास परवानगी नाही. शोध घेण्याचा मुलाचा अधिकार आणि जन्मदात्या आईचा खासगीपणा हे दोन्ही सांभाळण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्या आईची बाजू मी जवळून पाहिलेली असल्यामुळे मला तो आवश्यक वाटतो. मूल सोपवल्यानंतर तिला निर्णय बदलण्यासाठी साठ दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत रोज येऊन बाळाला दुरून पाहून जाणाऱ्या मुली मला आठवतात.

संस्थेतली आपली संचिका (फाइल) उघडण्याच्या दिवशी एकट्याने जाऊ नका, हे माझे सर्व दत्तक तरुणांना आग्रहाचे सांगणे आहे. परदेशात वाढलेले अनेकजण एवढा प्रवास करून येत आणि दोन पानांची नोंद वाचून अर्ध्या तासात बाहेर पडत. त्या दोन पानांत कधी फक्त रुग्णालयाचे नाव आणि वजन असते. ज्यांच्याबरोबर दुसरी एखादी दत्तक व्यक्ती असे, ते संध्याकाळपर्यंत निदान बोलू लागत. अशी सोबत करायला तयार असलेल्या व्यक्तींची नावे संस्थांनी त्यांच्या परवानगीने जवळ ठेवावीत, असे मला कळकळीने वाटते.

लॉरेटा_मडगाव

मी एकल माता आहे. आमच्या गोव्यात कुटुंबे थोडी आणि ओळखी दाट, त्यामुळे स्थानिक गटात खासगीपणा राहत नाही. माझ्यासाठी एकल दत्तक मातांची ऑनलाइन बैठक हाच खरा आधार ठरला. महिन्यातून एकदा, रविवारी रात्री मुले झोपल्यावर आम्ही सातजणी बोलतो. मुलगा “माझे बाबा कुठे?” विचारतो तेव्हा त्यात दोन प्रश्न असतात, एक जन्मदात्या वडिलांविषयी आणि दुसरा घरातल्या रिकाम्या जागेविषयी, आणि कोणता प्रश्न आहे हे आधी त्यालाच विचारून घ्यावे, हे मला तिथल्या एका मैत्रिणीने शिकवले.

विद्या_सोलापूर

मोठ्या वयात आलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक अनुभव नोंदवते. आमची मुलगी सात वर्षांची असताना आली. तिला जन्मदात्या आईपेक्षा संस्थेतल्या मुलींची आठवण अधिक येत असे. रात्री ती जेवणातली अर्धी पोळी रुमालात बांधून उशाशी ठेवी. ती भूक लागेल म्हणून ठेवते असे आम्हाला वाटले, पण ती तिच्या शेजारच्या खाटेवरच्या लहान मुलीसाठी होती. ती मुलगी पुढे दुसऱ्या राज्यातल्या एका कुटुंबात गेली. संस्थेने दोन्ही घरांची संमती घेऊन आमची गाठ घालून दिली आणि आता दोघी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बोलतात. आमच्या मुलीसाठी दत्तक कुटुंबांचा समुदाय म्हणजे सर्वप्रथम ती एक मुलगी आहे.

तान्ह्या बाळांच्या पालकांच्या गटात मला फारसा आधार मिळाला नाही. तिथले प्रश्न वेगळे असतात. आमच्या मुलीला आधीचे सगळे आठवते, आणि आठवणारे मूल घरात असणे म्हणजे काय हे समजणारी माणसे मला मोठ्या मुलांच्या पालकांतच भेटली. अशा कुटुंबांनी पहिल्या सहा महिन्यांतच एकमेकांना शोधावे, कारण सर्वांत अवघड काळ तोच असतो.

अनघा_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. शुभदाताईंचा प्रतिसाद मी छापून ठेवला आहे. संस्थेला पत्र पाठवण्याचे आम्ही नक्की केले आहे, आणि ज्या कुटुंबाने मुलाला अद्याप सांगितलेले नाही त्यांना हा धागा वाचायला दिला आहे.

एक शंका राहिली. मुलीच्या शाळेत ‘माझे कुटुंब’ हा प्रकल्प आहे. वर्गशिक्षिकांना आधी सांगून ठेवावे असे मला वाटते, तर माझ्या यजमानांना वाटते की न सांगितलेले बरे.

मृण्मयी_ठाणे

अनघाताई, तो निर्णय मुलीला विचारून घ्या. नऊ वर्षांच्या मुलीला आपली गोष्ट कोणाला सांगायची याविषयी ठाम मत असते. मला त्या वयात बाईंना माहीत असलेले चालत होते, पण वर्गात त्याचा उल्लेख झालेला चालला नसता. बाईंना सांगायचे ठरले तर नेमके काय सांगायचे ते तिच्यासमोर बसून ठरवा. पुढे गट तयार झाला की छायाचित्रांनाही हाच नियम लावा. माझे लहानपणीचे एका मेळाव्यातले छायाचित्र संस्थेच्या पत्रकावर छापले गेले होते, आणि ते मला कॉलेजात असताना दुसऱ्याच कोणीतरी दाखवले.

सदानंद_कोल्हापूर

प्रकल्पाविषयी मृण्मयी यांच्याशी सहमत आहे. आमच्या मुलाने वंशवृक्षाऐवजी घरात राहणारी सगळी माणसे आणि कुत्रा काढला होता, आणि बाईंनी तो जसाच्या तसा फळ्यावर लावला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला येणार आहोत आणि परतताना नाशकात एक दिवस थांबणार आहोत. आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला विचारले तर तो यायला तयार आहे, फक्त ‘मोठ्यांनी लांब बसायचं’ अशी त्याची अट आहे. तुमच्या मुलीलाही विचारा. ती हो म्हणाली तर दिवस आणि जागा खासगी निरोपात ठरवू.